गुरांची जात, संकर आणि चरबीची घडण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘कोणत्या जातीच्या गुरांची चरबी चांगली?’ हा प्रश्न जसा विचारला जातो, तसे त्याचे उत्तर देता येत नाही, कारण त्यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. चरबी किती आहे, ती शरीरात कुठे साठली आहे आणि ती कोणत्या मेदाम्लांची (फॅटी अ‍ॅसिडांची) बनलेली आहे, या तिन्ही गोष्टींवर जातीचा परिणाम होतो. मात्र तो तिन्हींवर सारखा होत नाही. पुढील उत्तरांत हा गुंता शक्य तितका सोडवून मांडला आहे. मांसातील चरबी आणि दुधातील स्निग्धांश या दोहोंचा विचार एकत्र केला आहे, कारण दोन्हीकडे काम करणारी यंत्रणा बरीचशी एकच आहे.

‘चरबीची घडण’ म्हणजे नेमके काय?

चरबीचा बहुतेक भाग ट्रायग्लिसराइड या स्वरूपात असतो, म्हणजे ग्लिसरॉलच्या एका कण्याला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. ही तीन जागा कोणती मेदाम्ले किती प्रमाणात अडवतात, यावर चरबीचा मऊपणा, तिचा वितळबिंदू, तिची चव आणि खाणाऱ्याच्या शरीरावर होणारा तिचा परिणाम ठरतो. गुरांच्या शरीरातील चरबीत ओलेइक, पामिटिक आणि स्टिअरिक ही तीन आम्लेच साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग व्यापतात. यांपैकी स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळते, पामिटिक सुमारे ६३ अंशांना, आणि ओलेइक मात्र १३ ते १६ अंशांनाच वितळते. एका चरबीत ओलेइक आम्ल पाच-सात टक्क्यांनी अधिक असले, तरी बोटांना जाणवेल इतका फरक का पडतो, हे या आकड्यांवरून लक्षात यावे.

दुधाच्या स्निग्धांशात यांच्या जोडीला ४ ते १४ कार्बनची लहान आणि मध्यम लांबीची मेदाम्ले असतात. ती कासेतच तयार होतात. दुधात आजवर ४०० हून अधिक मेदाम्ले ओळखली गेली आहेत. अर्थात त्यांतली बहुसंख्य नाममात्र प्रमाणात असतात आणि हिशेब मुख्यतः डझनभर आम्लांचाच होतो.

जनावर जे खाते तेच चरबीत उतरत असेल, तर जातीचा संबंध येतोच कुठे?

डुकरांच्या किंवा कोंबड्यांच्या बाबतीत ‘जे खाल्ले ते उतरले’ हे बऱ्याच अंशी खरे असते. रवंथ करणाऱ्या जनावरांत तसे होत नाही. हिरव्या चाऱ्यातील अल्फा-लिनोलेनिक आणि धान्यातील वा पेंडीतील लिनोलेइक ही असंपृक्त, म्हणजे दुहेरी बंध असलेली, आम्ले कोठीपोटात पोहोचली, की तेथील सूक्ष्मजीव त्यांच्या दुहेरी बंधांना हायड्रोजन जोडू लागतात आणि त्यांतील बहुतांश आम्लांचे शेवटी संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेले, स्टिअरिक आम्ल होते. त्यामुळे खुराकात तेल कितीही असंपृक्त असले, तरी रक्तात शोषले जाणारे मेद बरेचसे संपृक्त झालेले असते.

इथून पुढे जनावराच्या स्वतःच्या पेशींचे काम सुरू होते आणि जातीला हात घालण्यास वाव मिळतो. चरबीच्या आणि कासेच्या पेशींत स्टिअरॉइल-कोए डिसॅच्युरेझ नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम असते. ते स्टिअरिक आम्लात एक दुहेरी बंध पुन्हा घालून त्याचे ओलेइक आम्ल करते. हेच विकर कोठीपोटातील प्रक्रियेत अर्धवट राहिलेल्या व्हॅक्सेनिक आम्लापासून रुमेनिक आम्ल, म्हणजे संयुग्मित लिनोलेइक आम्लाचा मुख्य प्रकार, तयार करते. या विकराची कार्यक्षमता जातीजातींत, आणि एकाच जातीतील दोन जनावरांतही, वेगळी असते. याशिवाय मेदाम्ले नव्याने रचणारे विकर, ती ग्लिसरॉलवर बसवणारे विकर आणि चरबीपेशींची संख्या व वाढ ठरवणारी जनुके हे सगळे वारशानेच येते.

मग खुराक मोठा की जात?

याचे उत्तर कोणत्या आम्लाविषयी बोलत आहोत यावर अवलंबून आहे, आणि सरसकट उत्तर देणाऱ्यावर फारसा विश्वास ठेवू नये. अल्फा-लिनोलेनिक हे ओमेगा-३ गटातले आम्ल जनावराला स्वतः तयार करता येत नाही. ते चाऱ्यातूनच यावे लागते. म्हणून ओमेगा-३ आम्लांचे प्रमाण चराऊ कुरणावरच्या जनावरात जास्त आणि धान्यावर पोसलेल्या जनावरात कमी, हा फरक कोणत्याही दोन जातींमधल्या फरकापेक्षा सहसा मोठा असतो. संयुग्मित लिनोलेइक आम्लाचेही मुख्यतः तसेच आहे, कारण त्याचा कच्चा माल कोठीपोटातून येतो. मात्र शेवटची पायरी जनावराच्या विकरावर अवलंबून असल्याने त्यात जातीचाही काही वाटा राहतो.

याउलट कासेत नव्याने तयार होणाऱ्या ४ ते १४ कार्बनच्या आम्लांवर आणि पामिटिक आम्लाच्या कासेत घडणाऱ्या भागावर आनुवंशिकतेची पकड स्पष्ट दिसते. दुधातील स्निग्धांशाची टक्केवारी ही तर पशुपैदाशीतील सर्वांत ठळकपणे वारशाने येणाऱ्या गुणांपैकी एक आहे: एकाच कळपातील गायींमध्ये दिसणाऱ्या फरकापैकी साधारण निम्मा फरक आनुवंशिक असतो. स्नायूंमध्ये साठणाऱ्या चरबीचेही आनुवंशिकतेचे प्रमाण मध्यम ते बऱ्यापैकी आहे.

वय हा तिसरा घटक अनेकदा विसरला जातो. जनावराचे वय आणि धान्याच्या खुराकावर काढलेले दिवस वाढत गेले, की डिसॅच्युरेझची क्रियाशीलता वाढते आणि चरबी हळूहळू मऊ, म्हणजे ओलेइक आम्लाने अधिक समृद्ध होत जाते. दुभत्या गायीत विण्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अंगावरची चरबी वितळून दुधात येते, त्यामुळे त्या काळात दुधातले ओलेइक आम्ल वाढलेले दिसते आणि कासेत तयार होणारी लहान आम्ले कमी दिसतात. अशा वेळी घेतलेला नमुना जातीचा म्हणून मिरवला जाऊ नये.

दोन जातींच्या चरबीची तुलना करताना सर्वांत मोठी चूक कोणती होते?

चरबी ‘किती’ आहे हे न पाहता ‘कशी’ आहे याची तुलना केली जाते. जातीच्या नावावर खपवले जाणारे अनेक फरक प्रत्यक्षात जनावराच्या लठ्ठपणाचे फरक असतात.

स्नायूंत मेद दोन रूपांत असते. एक रूप म्हणजे पेशींच्या पडद्यांमधील फॉस्फोलिपिड. पेशीला ते जगण्यासाठी लागते, म्हणून रोड जनावरात आणि धष्टपुष्ट जनावरात त्याचे प्रमाण फारसे बदलत नाही, आणि त्यात अनेक दुहेरी बंध असलेली बहुअसंपृक्त आम्ले भरपूर असतात. दुसरे रूप म्हणजे साठवलेले ट्रायग्लिसराइड, जे जनावर पोसले जाईल तसे वाढत जाते आणि ज्यात बहुअसंपृक्त आम्ले अगदी थोडी असतात. आता केवळ हिशेब समजण्यासाठी काही आकडे घेऊ. समजा, १०० ग्रॅम मांसात फॉस्फोलिपिडांतून येणारी मेदाम्ले नेहमी ०.५ ग्रॅम आहेत आणि त्यांतील ३० टक्के बहुअसंपृक्त आहेत. ट्रायग्लिसराइडमध्ये हे प्रमाण २ टक्के आहे. पहिल्या जनावराच्या मांसात एकूण १ ग्रॅम मेदाम्ले असतील, तर बहुअसंपृक्त आम्ले ०.१५ अधिक ०.०१, म्हणजे ०.१६ ग्रॅम, अर्थात १६ टक्के भरतात. दुसऱ्या जनावराच्या मांसात एकूण १० ग्रॅम असतील, तर ती ०.१५ अधिक ०.१९, म्हणजे ०.३४ ग्रॅम, अर्थात जेमतेम ३.४ टक्के भरतात. पहिल्या जनावराची टक्केवारी जवळजवळ पाचपट आहे, पण प्रत्यक्ष खाण्यात येणारी बहुअसंपृक्त आम्ले दुसऱ्यातच दुपटीहून अधिक आहेत. या उदाहरणात दोन्ही जनावरे एकाच जातीची असू शकतात, हे विशेष लक्षात घ्यावे.

ही अडचण टाळण्यासाठी तुलना कशाच्या आधारावर केली, हे आधी विचारावे लागते. समान वयाला तुलना केली, तर अँगस किंवा हेरफर्डसारख्या लवकर पक्व होणाऱ्या जाती शॅरोले किंवा लिमोझिनसारख्या उशिरा पक्व होणाऱ्या जातींपेक्षा जास्त चरबीदार दिसणारच, कारण त्या आपल्या वाढीच्या पुढच्या टप्प्यावर असतात. समान वजनाला तुलना केली तरी हाच कल राहतो. समान चरबीच्या पातळीवर आणून तुलना केली, की जातीजातींमधले मेदाम्लांचे बरेचसे फरक लहान होतात. तरीही जे उरतात, त्यांनाच जातीचा स्वतःचा परिणाम म्हणता येते.

अतिशय मांसल जातींच्या चरबीत बहुअसंपृक्त आम्ले जास्त असतात असे म्हणतात. ते खरे आहे का?

टक्केवारीत खरे आहे, आणि त्याचे कारण वरच्या उत्तरात आलेच आहे. बेल्जियन ब्ल्यू आणि पीडमॉन्टीज या जातींत मायोस्टॅटिन हे स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारे जनुक निकामी झालेले असते. पहिल्या जातीत त्या जनुकातील डीएनएची ११ अक्षरे गळालेली आहेत, तर दुसरीत एकाच जागचा बदल आहे. हे १९९७ मध्ये उलगडले. लगाम सुटल्याने स्नायू प्रचंड वाढतात आणि स्नायूंतील चरबी एक टक्क्याच्या आसपास येऊन ठेपते. साठवलेली चरबीच नसल्यामुळे मोजणीत पेशींच्या पडद्यांचे मेद ठळक दिसते. अशा मांसाचा खरा गुण त्यातील एकूण मेद कमी असणे हा आहे. मेदाम्लांची टक्केवारी ही त्याची सावली आहे.

जपानच्या काळ्या जातीची चरबी इतकी मऊ का असते?

वाग्यू या नावाखाली चार जपानी जाती येतात, आणि स्नायूंतील जाळीदार चरबीसाठी जगभर जिचा बोलबाला आहे, ती त्यांतली जपानी काळी जात. तिच्या पाठीच्या स्नायूत चरबीचे प्रमाण ३० टक्क्यांच्याही वर जाऊ शकते आणि मेदाम्लांपैकी निम्म्याहून अधिक ओलेइक आम्ल असणे तिच्यात नवलाचे नाही. यामागे एकच कारण शोधणाऱ्यांची निराशा होईल. पिढ्यान्‌पिढ्या जाळीदार चरबीसाठीच केलेली निवड, धान्यप्रधान खुराकावर सुमारे अडीच वर्षांच्या वयापर्यंत होणारे दीर्घ पोषण आणि डिसॅच्युरेझ विकराची आनुवंशिक जडणघडण या तिन्हींचा त्यात वाटा आहे.

विकराच्या बाबतीत २००४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले, की त्याच्या साखळीतील २९३ व्या जागी व्हॅलिनऐवजी अलॅनिन हे अमिनो आम्ल असलेल्या जनावरांत एक दुहेरी बंध असलेली आम्ले जास्त आणि चरबीचा वितळबिंदू कमी असतो. मात्र हा बदल फक्त याच जातीची मक्तेदारी नाही; तो इतर जातींतही आढळतो. त्यामुळे ‘वाग्यूचे जनुक’ असे त्याला म्हणणे दिशाभूल करणारे आहे. मेदाम्ले रचणाऱ्या फॅटी अ‍ॅसिड सिंथेझ या विकराच्या जनुकातील बदलांचाही अशाच रीतीने परिणाम दिसून येतो. स्वतंत्रपणे पाहता यांपैकी प्रत्येकाचा वाटा लहान असतो.

वशिंडाच्या गुरांची चरबी वेगळी असते का?

ब्राह्मनसारख्या वशिंडाच्या जातींत स्नायूंतील जाळीदार चरबी युरोपीय मूळ असलेल्या जातींपेक्षा साधारणपणे कमी असते, हे अनेक तुलनांतून पक्के झाले आहे. त्वचेखालच्या चरबीत मात्र हेरफर्डच्या तुलनेत ब्राह्मनमध्ये संपृक्त आम्लांचे प्रमाण कमी आणि असंपृक्त आम्लांचे जास्त आढळले आहे. म्हणजे ‘चरबी कमी’ आणि ‘चरबी घट्ट’ हे एकत्रच जाते, असा जो समज असतो, तो इथे खोटा ठरतो. चरबी किती आहे आणि कशी आहे, हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्याचा आग्रह का धरावा, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

दुभत्या जातींची चरबी मांसासाठीच्या जातींपेक्षा वेगळ्या जागी साठते का?

होय. होल्स्टीन किंवा जर्सीसारख्या दुभत्या जाती मूत्रपिंडाभोवती आणि आतड्यांच्या पडद्यांवर, म्हणजे पोटाच्या आत, चरबीचा मोठा वाटा साठवतात, तर मांसासाठी पैदास केलेल्या ब्रिटिश जाती त्वचेखाली अधिक साठवतात. दूध देताना लागणारा साठा लवकर वितळवता यावा, या गरजेशी हे जुळते. पोटातील चरबी त्वचेखालच्या चरबीपेक्षा अधिक संपृक्त आणि अधिक घट्ट असते. म्हणून शरीराच्या कोणत्या भागातून नमुना घेतला हे न सांगता दिलेला कोणताही आकडा अपुरा समजावा.

जर्सी आणि होल्स्टीन यांच्या दुधाच्या स्निग्धांशात टक्केवारीव्यतिरिक्त काही फरक आहे का?

टक्केवारीचा फरक सर्वज्ञात आहे: होल्स्टीनच्या दुधात साधारण ३.६ ते ४ टक्के आणि जर्सीच्या दुधात ५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो. घडणीतही फरक आहे. समान खुराकावर ठेवलेल्या जर्सी गायींच्या स्निग्धांशात कासेत तयार होणारी लहान आणि मध्यम संपृक्त आम्ले जास्त, तर ओलेइक आम्ल आणि संयुग्मित लिनोलेइक आम्ल कमी, असे सहसा आढळते. होल्स्टीनमध्ये डिसॅच्युरेझची कार्यक्षमता अधिक असल्याचे हे लक्षण मानले जाते. जर्सीच्या दुधातील स्निग्धकण सरासरीने मोठे असतात, त्यामुळे साय लवकर आणि जाड धरते.

आता यावरून जर्सीचे लोणी अधिक घट्ट असणार, हा अंदाज बांधता येतो आणि तो सहसा बरोबरही ठरतो. पण त्याच गायी धान्य-भरडीवरून कोवळ्या कुरणावर सोडल्या, की लोण्याचा मऊपणा जातीतील फरकाहून अधिक बदलतो.

दुधातील स्निग्धांश ठरवणारे ‘एक जनुक’ सापडले आहे, असे ऐकले. ते काय आहे?

ट्रायग्लिसराइडमधील तिसरे मेदाम्ल बसवणाऱ्या विकराचे हे जनुक असून ते डीजीएटी१ या नावाने ओळखले जाते आणि गुरांच्या १४ व्या गुणसूत्रावर असते. २००२ मध्ये असे सिद्ध झाले, की या विकराच्या २३२ व्या जागी लायसिन असल्यास स्निग्धांशाची टक्केवारी वाढते, आणि तिथे अलॅनिन असल्यास टक्केवारी घटून दुधाचे प्रमाण वाढते. हजारो लहानसहान जनुकांनी मिळून घडवलेल्या गुणात एकाच जागचा बदल इतका ठळक दिसावा, ही पशुआनुवंशिकीत दुर्मीळ गोष्ट आहे.

लायसिनचे रूप मूळचे असून वशिंडाच्या गुरांत ते जवळजवळ सर्वत्र आढळते. जर्सीमध्येही त्याचे प्रमाण मोठे आहे, तर होल्स्टीनमध्ये दोन्ही रूपे मिसळलेली दिसतात. लायसिनच्या रूपाने केवळ टक्केवारीच वाढत नाही. त्या दुधाच्या स्निग्धांशात पामिटिक आम्लाचे प्रमाण अधिक आणि असंपृक्त आम्लांचे कमी आढळते. म्हणजे स्निग्धांशाच्या टक्केवारीसाठी डोळे झाकून निवड केली, तर घडण संपृक्ततेकडे झुकण्याची शक्यता असते.

चरबी किंवा लोणी पिवळे असणे हे चांगल्या घडणीचे लक्षण आहे का?

नाही. पिवळेपणा हिरव्या चाऱ्यातील बीटा-कॅरोटीनमुळे येतो. गर्न्सी आणि जर्सी या जाती त्याचे जीवनसत्त्व ‘अ’मध्ये रूपांतर तुलनेने कमी करतात आणि ते तसेच चरबीत उतरू देतात, काही जनावरांत कॅरोटीनचे विघटन करणारे एक जनुक निकामी असल्यानेही रंग गडद होतो. मेदाम्लांच्या घडणीशी या रंगाचा थेट संबंध नाही. फार तर जनावराने हिरवा चारा खाल्ला होता, एवढे त्यावरून कळते.

ए-१ आणि ए-२ दुधाचा स्निग्धांशाशी काही संबंध आहे का?

मुळीच नाही. ती बीटा-केसीन या प्रथिनाची दोन रूपे आहेत. हा प्रश्न चरबीच्या चर्चेत वारंवार येतो, म्हणून इथे नोंदवला.

दोन जातींच्या संकरातून जन्मलेल्या पहिल्या पिढीत चरबीची घडण कशी असते?

बहुतेक वेळा आई-बापांच्या जातींच्या सरासरीच्या आसपास. संकराने ओज, म्हणजे मूळ जातींच्या सरासरीहून वरचढ ठरणारा जोम, वाढते, हे खरे असले, तरी ते सर्व गुणांत सारखे वाढत नाही. गाभण राहण्याची क्षमता, वासरांची जगण्याची शक्ती, गायीचे कळपातील आयुष्य अशा गुणांत संकरज ओज भरघोस मिळते, आणि या गुणांची आनुवंशिकता मुळात कमी असते. चरबीची टक्केवारी आणि मेदाम्लांचे प्रमाण हे गुण याच्या उलट टोकाला आहेत: आनुवंशिकता चांगली आणि संकरज ओज जवळजवळ शून्य. त्यामुळे ३.८ टक्के आणि ५ टक्के स्निग्धांशाच्या जातींच्या संकरातून ४.४ टक्क्यांच्या आसपासची अपेक्षा ठेवावी, ५.५ टक्क्यांची ठेवू नये.

पण टक्केवारी आणि एकूण स्निग्धांश यांत गल्लत करू नये. हिशेबापुरते असे धरू, की एक जात वर्षाला ७००० किलो दूध ३.८ टक्क्यांनी देते, म्हणजे २६६ किलो स्निग्धांश. आणि दुसरी ५००० किलो दूध ५ टक्क्यांनी देते, म्हणजे २५० किलो. संकरित गायीच्या दुधाचे प्रमाण सरासरीच्या, म्हणजे ६००० किलोंच्या, ४ टक्के पुढे गेले, तर ते ६२४० किलो होते. ४.४ टक्क्यांनी त्यातून सुमारे २७५ किलो स्निग्धांश मिळतो, जो दोन्ही मूळ जातींपेक्षा अधिक आहे. टक्केवारीत काहीही जादू झालेली नसताना एकूण उत्पादनात ती झाल्यासारखी वाटते, ती अशी.

संकरित जनावरांचा आपापसांत संकर केला तर तोच दर्जा टिकतो का?

सरासरी बरीचशी टिकते. एकसारखेपणा टिकत नाही. पहिल्या पिढीतील प्रत्येक जनावराला दोन्ही जातींकडून एकेक संच मिळालेला असतो, म्हणून ती पिढी एकजिनसी दिसते. तिच्यातूनच पुढची पिढी घेतली, की जनुके विखुरतात. डीजीएटी१चे उदाहरण घेतले आणि एका जातीत फक्त लायसिनचे, तर दुसरीत फक्त अलॅनिनचे रूप होते असे धरले, तर दुसऱ्या पिढीतील चौथा हिस्सा जनावरांत दोन्ही प्रती लायसिनच्या, चौथ्या हिश्शात दोन्ही अलॅनिनच्या आणि उरलेल्या निम्म्यात मिश्र जोडी, अशी विभागणी होते. परिणामी एकाच गोठ्यात ठळकपणे वेगवेगळ्या स्निग्धांशाच्या गायी दिसू लागतात आणि पशुपालक खुराकाला दोष देत बसतो. शिवाय ओजही निम्मेच उरते.

म्हणूनच अनेक ठिकाणी आलटून-पालटून संकर करण्याची पद्धत वापरतात. दोन जातींचे वळू पिढीआड वापरल्यास काही पिढ्यांनंतर प्रत्येक पिढीत शेवटच्या वळूच्या जातीचा दोन तृतीयांश आणि दुसरीचा एक तृतीयांश वाटा येऊ लागतो आणि संकरज ओज सुमारे ६७ टक्के टिकते. तीन जाती फिरवल्यास वाटे चार, दोन आणि एक सप्तमांश असे राहतात आणि ओज सुमारे ८६ टक्के टिकते. मात्र या पद्धतीत प्रत्येक पिढीगणिक जातीचे वाटे झुलत राहतात, आणि चरबीची घडण जातीच्या वाट्याच्या पाठोपाठ जात असल्याने तीही झुलते. ज्यांना दरवर्षी एकसारखी चरबी हवी आहे, त्यांनी दर वेळी शुद्ध जातींतून नवी पहिली पिढी घेणे किंवा ओजाचा लोभ सोडून एकाच जातीच्या वळूने सलग दर्जावाढ करणे अधिक सोयीचे ठरते. दर्जावाढीत त्या जातीचा वाटा पिढीमागून पिढी ५०, ७५, ८७.५ आणि ९३.७५ टक्के असा वाढत जातो.

वाग्यूचा वळू वापरला, तर पहिल्याच पिढीत मांसात तशीच जाळीदार चरबी येईल का?

तशीच येणार नाही. मधली येईल, आणि तीही जनावर पुरेसा काळ पोसले तरच. स्नायूंतील चरबी ठळकपणे दिसण्यास वाढीचा शेवटचा टप्पा यावा लागतो, त्यामुळे संकरित जनावर घाईने विकले, तर वडिलांच्या जातीचा गुण दिसण्याआधीच संधी निघून जाते. आई कोणत्या जातीची आहे यावरही बरेच अवलंबून असते: अँगस गायीपासून झालेल्या संकरात मुळातच बरी चरबी असते, आणि होल्स्टीन गायीपासून झालेल्या संकरातही स्नायूंतील चरबी लोकांना वाटते त्यापेक्षा चांगली निघते. मायोस्टॅटिन निकामी असलेल्या जातीशी संकर केल्यास मात्र एकीकडे पाय ओढणे आणि दुसरीकडे ढकलणे असा प्रकार होतो.

वळू एका जातीचा आणि गाय दुसरीची, की उलट? याने चरबीत फरक पडतो का?

घडणीत फारसा नाही, कारण दोन्हीकडून येणारा जनुकांचा वाटा समसमान असतो. फरक पडतो तो इतरत्र. ब्राह्मन वळू आणि बिनवशिंडाची गाय यांची वासरे जन्मतः जड असतात, तर उलट जोडीची हलकी असतात. त्यामुळे विण्याच्या वेळी होणारा त्रास लक्षात घेऊनच जोडी ठरवावी.

संपृक्त आम्ले म्हणजे वाईट, असे धरून जातींची प्रतवारी करता येईल का?

करू नये. संपृक्त आम्ले एकाच माळेतले मणी नाहीत. लॉरिक, मिरिस्टिक आणि पामिटिक ही आम्ले रक्तातील घातक मानले जाणारे कोलेस्टेरॉल वाढवतात. स्टिअरिक आम्लाचा त्यावर साधारणपणे तसा परिणाम दिसत नाही. एखाद्या जातीत एकूण संपृक्त आम्ले दोन टक्क्यांनी जास्त असतील आणि ती वाढ स्टिअरिकमुळे असेल, तर आरोग्याच्या दृष्टीने तिला कमी लेखण्यास आधार नाही. उलट पामिटिक वाढले असेल, तर तो लहान आकडाही दखल घेण्याजोगा आहे.

जनुक-चाचणी करून वळू निवडावा का?

डीजीएटी१ किंवा डिसॅच्युरेझ यांची चाचणी केसांच्या मुळांवरून वा कानाच्या ऊतीच्या नमुन्यावरून करता येते, आणि संकरित कळपात दोन्ही रूपे फिरत असतील, तर तिचा उपयोग होतो. पण एका-दोन जनुकांच्या निकालावर वळू ठरवणे म्हणजे एका खिडकीतून घर पाहणे होय. संपूर्ण जनुकसंचावर आधारलेले पैदासमूल्य, म्हणजे वळू पुढच्या पिढीला किती गुण देईल याचा अंदाज, उपलब्ध असेल, तर ते अधिक भरवशाचे असते. मात्र एका शुद्ध जातीच्या नोंदींवरून बांधलेले मूल्य दुसऱ्या जातीवर किंवा संकरांवर लावले, तर त्याची अचूकता घटते.

मेदाम्लांचा चाचणी-अहवाल हाती आला, तर त्यात काय तपासावे?

प्रथम आकडे कशाचे आहेत ते पाहावे: एकूण मेदाम्लांतील टक्केवारी, की १०० ग्रॅम मांसातील वा दुधातील मिलिग्रॅम. फक्त टक्केवारी असेल, तर एकूण चरबीचा आकडा मागून घ्यावा, कारण त्याशिवाय वर दिलेल्या १६ आणि ३.४ टक्क्यांच्या हिशेबासारखी फसगत होते. नंतर पद्धत पाहावी. मेदाम्लांचे मिथिल एस्टर करून वायू-क्रोमॅटोग्राफीने केलेली मोजणी आम्लागणिक स्वतंत्र आकडे देते. दुधासाठी वापरली जाणारी अवरक्त किरणांची पद्धत झटपट असते; तिच्यात संपृक्त आणि एक दुहेरी बंध असलेल्या आम्लांच्या गटांचे अंदाज चांगले येतात, पण अत्यल्प प्रमाणातील आम्लांचे आकडे तितके विश्वासार्ह नसतात. त्यानंतर जनावराचे वय, लिंग, खच्चीकरण, खुराक, दुभती गाय असल्यास वेत आणि विण्यानंतरचे दिवस, तसेच नमुन्याची जागा यांची नोंद शोधावी. नर वळूत चरबी कमी, बैलात मध्यम आणि कालवडीत जास्त, हा क्रम जातीच्या फरकाइतकाच मोठा असू शकतो. आणि एका जातीचे सगळे नमुने एकाच वळूच्या मुलींचे असतील, तर तो अहवाल त्या जातीविषयी सांगतो त्यापेक्षा त्या वळूविषयी अधिक सांगतो.